पहिला इशारा कामगारांचा



पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग मिसळले की इंजिनाचे नॉकिंग थांबते. हा शोध १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत लागला. शिसे विषारी आहे हे वैद्यकाला तेव्हाही ठाऊक होते. विक्रीचे नाव मात्र ठेवले 'इथिल'. त्यात शिशाचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे द्रव्य बनविणारे ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. १९२५ च्या सरकारी परिषदेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी कडाडून विरोध केला. तरीही १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

कारखान्यातले विष मग रस्त्यावर आले. धुरावाटे शिसे मुलांच्या रक्तात भिनले. त्याने बुद्धीची वाढ खुंटते. भारतात हे पेट्रोल २००० साली बंद झाले. मोटारींसाठीची जगातील शेवटची विक्री २०२१ साली अल्जीरियात थांबली. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांत ते आजही जळते आहे.

पाच मृत्यूंचा पुरावा मानायला जगाला ९७ वर्षे लागली! कामगाराचे आजारपण हा साऱ्या समाजाला मिळालेला पहिला इशारा असतो. तो वेळीच ऐकणे आणि ऐकविणे, हे संघटनेचे कर्तव्य आहे.