पोलीस ठाण्यातला कॅमेरा

मी सॉफ्टवेअरवाला, वकील नाही. आमच्याकडे रात्री सर्व्हर बंद पडला की सकाळी पहिलं वाक्य ऐकू येतं, "लॉग दाखव." आणि ज्याच्या हातून चूक झाल्याचा संशय आहे, त्याला तो लॉग पुसता येणार नाही अशी व्यवस्था आधीच केलेली असते.

आता आपल्या शेजारी बघा. 2 फेब्रुवारी 2024 ला उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, थेट वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. आमदाराला अटक झाली. खोलीतलं फुटेज लगेच घराघरातल्या टीव्हीवर आलं. काय घडलं यावर वाद घालायला फारशी जागाच उरली नाही.

त्याच वर्षी 23 सप्टेंबरला बदलापूर प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे तळोजा कारागृहातून आणला जात असताना मुंब्रा बायपासजवळ, पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावलं, असं पोलिसांनी सांगितलं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात मात्र त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नसल्याचं आलं, आणि बळाचा वापर समर्थनीय नव्हता असंही. एप्रिल 2025 मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. आरोप इतका घृणास्पद होता की आपल्याही ग्रुपवर त्या रात्री अभिनंदनाचे मेसेज फिरले. मी वाचले आणि गप्प बसलो. त्या दोन चिमुरड्यांच्या घरच्यांना त्याच्याविरुद्धचा निकाल कोर्टातून कधीच ऐकायला मिळणार नाही, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

चौकाचौकात कॅमेरे लागतायत. आपल्या मोहल्ल्यात कोणी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं: लपवायचं काही नसेल तर घाबरता कशाला? हाच प्रश्न ठाण्याच्या दाराआतही विचारता येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो विचारलाय. 2 डिसेंबर 2020 चा परमवीर सिंग सैनी खटल्याचा निकाल मुळातून वाचा. प्रत्येक ठाण्यात फाटक, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, सगळीकडे कॅमेरा, आवाजासकट, रात्रीही दिसेल असा. रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायचं, यंत्राची तेवढी क्षमता नसेल तरी वर्षाच्या खाली नाही. कॅमेरा बिघडला तर ठाणे प्रमुखाने कळवायचं.

कळवायचं कोणाला? जिल्हा देखरेख समितीला. तक्रार आलेली नसली तरी फुटेज तपासणं हे तिचं काम. तिच्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांबरोबर शहरी भागातला एक महापौरही हवा. म्हणजे लोकांनी निवडून दिलेला एक माणूस. आता गंमत बघा: कल्याण-डोंबिवली पालिकेची मुदत निकालाच्या महिनाभर आधी संपली होती. 2022 संपेपर्यंत ठाणे जिल्ह्यातल्या सहाही महापालिकांवर प्रशासक होते. लोकांच्या वतीने आत बसायचा तो माणूस पुढची काही वर्षं जिल्ह्यात नव्हताच!

म्हणून नगरसेवक मत मागायला आला की गटाराबरोबर हेही विचारा: समितीची बैठक शेवटची कधी झाली?

आणि कोणाला ठाण्यात मारहाण झाली, तर आधी दवाखान्यात नेऊन नोंद करा, आणि त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. डीव्हीआर भरला की जुन्यावर नवं रेकॉर्ड होतं, तो कोणासाठी थांबत नाही. अर्जात तारीख, आत नेल्याची आणि सोडल्याची वेळ, कुठल्या खोलीत बसवलं ते लिहा. फुटेज जपून ठेवा, एवढीच मागणी पुरे. प्रत समितीला पाठवा. गंभीर इजा असेल तर मानवी हक्क आयोगाकडे जा, तो फुटेज मागवू शकतो. तुमच्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.