सह्याद्रीतील विस्मृत सत्तावन

(भिंगार येथील व्याख्यानाचा सारांश)



अठराशे सत्तावन म्हटले की मीरत, कानपूर, झाशी ही नावे ओठांवर येतात. आपण आज छावणीच्या ज्या गावात बसलो आहोत, त्याच नगर जिल्ह्याच्या डोंगरांत हा वणवा दोन वर्षे धुमसत होता, हे मात्र आपल्या मुलांना ठाऊक नसते.

भागोजी नाईक हा भिल्ल वीर पूर्वी नगरच्या पोलीस दलात अधिकारी होता. १८५५ मध्ये दंग्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली. सुटकेनंतरही सरकारने चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. पुढे सुमारे ५० साथीदारांसह त्याने नांदूर-शिंगोटे गाव सोडले आणि पुणे-नाशिक रस्त्यावर नजर ठेवणारे डोंगर गाठले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी चालून आलेला पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री तेथेच ठार झाला आणि बंड पसरले.

डोंगरातील लढाई डोंगरातील माणसेच लढू शकतात, हे इंग्रजांनी ओळखले. कॅप्टन नटॉलने कोळ्यांची पलटण उभी केली. ज्या समाजातील राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये याच राजवटीने फाशी दिली, त्याच समाजाचे तरुण दहा वर्षांत तिच्या पलटणीत उभे राहिले! त्यांना दोष देण्यापूर्वी स्वतःला विचारू या : त्यांच्या पाड्यावर सरकारचा पगार पोहोचला, आपल्यापैकी कोण पोहोचले होते?

१८५९ च्या जुलैत संगमनेरजवळच्या अंभोरे दऱ्यात घनघोर झुंज झाली. भागोजीचा पुत्र यशवंत धारातीर्थी पडला, हरजी नाईक पकडला गेला. अखेर ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर परिसरातील मिठसागर येथे सूटरच्या तुकडीने भागोजीला गाठले. तो लढता लढता पडला. १८६१ मध्ये ती कोळी पलटणही मोडण्यात आली. काम संपले, गरज संपली!

शत्रूच्या शस्त्रांपेक्षा आपल्यातील अंतर त्याच्या अधिक उपयोगी पडले, हाच या मोहिमेचा धडा. भागोजीचे स्मरण करायचे तर हार-तुरे पुरेसे नाहीत. आपल्या मुलांना तो दरा दाखवा. आणि परतताना एखाद्या पाड्यावर थांबून तेथील भाकरी आपलेपणाने खा.