टीप लावण्याआधी

दिवाळी सरली की आपल्या वर्धा जिल्ह्यात संमेलनांच्या तालमींना रंग चढतो. आर्वीला जा, पुलगावला जा, हिंगणघाटला जा; कुणीतरी नाट्यपद बसवत असतं आणि बाजूला एखादे वडील काळजीनं विचारत असतात, "सर, पोट्ट्याचा आवाज वर चढूनच नाही राहिला, काय करावं?" माझं मत आधीच सांगून टाकतो. टिपेला अडणारा आवाज बहुतेक वेळा मध्य सप्तकातच बिघडलेला असतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, तेव्हा माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं ते नटाच्या गळ्यानंच. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या चढ्या, धारदार आवाजांचं कौतुक झालं, त्यामागे दैवी देणगी होती तशी नाट्यगृहाची गरजही होती. आज माइक आहे. तरी आमची मुलं मोबाइलवर जुनी रेकॉर्ड लावतात आणि पेटीवाल्याला तीच पट्टी धरायला सांगतात. अहो, रेकॉर्डची पट्टी त्या गायकाची असते, पदाची नसते!

वसंतराव देशपांडे यांचंच घ्या. वर्ध्याहून मुंबईकडे जाताना बडनेऱ्यानंतर मूर्तिजापूर लागतं, तिथला त्यांचा जन्म, 1920 चा. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं 'कट्यार काळजात घुसली' 1967 च्या डिसेंबरात आलं, तेव्हा ते 47 वर्षांचे होते. आपल्याला दिसतात ते त्या नाटकात त्यांनी रंगवलेले खाँसाहेब आणि त्यांची ती झेपावणारी तान. त्याआधी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडची तालीम होती, आणि लाहोरला असदअली खाँ यांच्याकडे काही महिने निव्वळ मारवा राग होता. तेवढं सोडून थेट तानेलाच हात घालायचा म्हटलं तर घसा तक्रार करणारच.

आता गळ्यात काय होतं ते पाहू. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतू मध्य षड्जाला सेकंदाला साधारण 139 वेळा मिटतात-उघडतात. तार षड्जाला 277 वेळा, म्हणजे दुप्पट. त्यासाठी ते ताणून पातळ व्हावे लागतात. आपण करतो उलटंच. तंतू जाड ठेवतो आणि खालून हवेचा जोर लावतो. मग हनुवटी वर जाते, मानेच्या शिरा फुगतात आणि आवाज फाटतो. पहाटेचा खर्ज चांगलाच, पण तोही दाबून भरला तर तोच दाब वरच्या सुरात येतो.

घरी करता येईल असं एक सांगतो. शहाळ्याचं पाणी पितो ती नळी घ्या. ओठ तिच्याभोवती नीट मिटा आणि नळीतूनच, नाकातून हवा न सोडता, मध्य षड्ज लावा. मग तिथून पंचमापर्यंत सावकाश घसरत जा आणि परत या. खांदे उचलायचे नाहीत. एक हात खालच्या बरगड्यांवर ठेवा. श्वास घेताना त्या बाजूंना पसरल्या पाहिजेत आणि सूर चालू असताना धपकन मिटता कामा नयेत. पंचम सहज आला की तार षड्ज. दोन-चार मिनिटं पुरे. अमेरिकेतले आवाजाचे शास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी या नळीचा बराच प्रसार केला. तोंडापाशी अडलेल्या हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना आधार देतो, त्यामुळे ते एकमेकांवर आपटत नाहीत.

काळी एकवाल्या पुरुषांना तार षड्जापासून रिषभ-गंधारापर्यंत कुठेतरी आवाजाचा सांधा जाणवतो. तिथे ओरडून पार होऊ नका. आवाज थोडा बारीक झाला तरी होऊ द्या. रोज त्याच जागेवरून अलगद ये-जा केली की सांधा बुजत जातो. याला महिने लागतात.

नाटकात आणखी एक अडचण. पदाआधी गद्य असतं, आणि ते आपण तारस्वरात फेकतो. गळा तिथेच थकतो. पदाआधीची दोन वाक्यं खाली उतरवा. वर 'ई' किंवा 'ऊ' आला तर जबडा सैल सोडा; 'ई' किंचित 'ए'कडे झुकला तरी शब्द कळतो.

शिक्षकांना एक कळकळीची विनंती. बारा ते पंधरा वयाच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्या काळात त्यांना टिपेची पदं देऊ नका. त्यांना मधल्या चार-पाच सुरांत गाऊ द्या, बक्षीस हुकलं तरी चालेल.

आपल्याकडचा उन्हाळा आणि जिनिंगचा हंगाम, दोन्ही गळ्याला वाईट. रुईचे कण उडतात तिथे तालीम नको. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. खडीसाखर, ज्येष्ठमध जरूर चघळा, पण गिळलेलं काही स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. तेव्हा त्यानं आवाज उघडेल या भरवशावर राहू नका. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर सेवाग्राम किंवा सावंगी मेघे इथल्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. दुर्बिणीनं पाहिलं की कारण कळतं.

आणि येत्या तालमीत पेटीवाल्याला न लाजता सांगा, "दादा, दोन सूर खाली घ्या."