टोलेडोचे पोलीस कोणाचे ?

अमेरिकेतील ओहायो संस्थानात, ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाशी, टोलेडो नावाचे शहर आहे. १८९७ साली तेथील नागरिकांनी सॅम्युएल जोन्स या कारखानदारास नगराध्यक्ष निवडले. हा गृहस्थ जन्माने वेल्समधला. तेलविहिरींना लागणारे सामान तयार करण्याचा त्याचा धंदा. ख्रिस्ताने सांगितलेला परस्परव्यवहाराचा सुवर्णनियम त्याने कारखान्याच्या भिंतीवर लावला होता, व तो केवळ शोभेकरिता लावलेला नव्हता. नगराध्यक्ष होताच त्याने पोलिसांच्या हातचे सोटे काढून घेऊन त्यांना हलक्या छड्या दिल्या. धर्मनिष्ठ मंडळींना आणि पक्षपुढाऱ्यांना हा माणूस सारखाच खुपू लागला. १८९९ साली त्याच्या पक्षाने त्याला उमेदवारी नाकारली. तो अपक्ष उभा राहिला आणि मोठ्या मताधिक्याने निवडून आला.

लोकांनी निवडलेला माणूस नको असेल, तर लोकांचे मन वळवावे हा सरळ मार्ग. विरोधकांनी आडवाट धरली. १९०२ साली संस्थानच्या कायदेमंडळाने कायदा करून टोलेडोचे पोलीसखाते शहराकडून काढले आणि गव्हर्नरने नेमलेल्या मंडळाच्या हाती दिले. पगार शहराच्या तिजोरीतून, हुकूम मात्र बाहेरचा ! जोन्सने खात्याचा ताबा देण्याचे साफ नाकारले. नव्या मंडळाचे सभासद न्यायालयात गेले.

त्या काळच्या कायद्याचा सर्वसाधारण कल पाहता जोन्सची बाजू दुबळी होती. १८६८ साली आयोवा संस्थानातील एका रेल्वेविषयक खटल्यात न्यायमूर्ती डिलन यांनी असे ठरविले होते, की नगरपालिका ही कायदेमंडळाची निर्मिती होय. ज्याने जन्म दिला त्याला तिचे अधिकार कमी करण्याचा, किंबहुना तिला नाहीशी करण्याचाही हक्क आहे. याच्या उलट मत मिशिगनच्या न्यायमूर्ती कूली यांनी १८७१ मध्ये डेट्रॉइट शहराच्या बाबतीत दिले : स्थानिक स्वराज्य हा लोकांचा मूळचा हक्क असून शहराचे कायमचे अधिकारी संस्थानने परस्पर नेमू नयेत. मत उदात्त खरे, परंतु देशभर चालले ते डिलनचे नाणे. पुढे १९०७ साली तर पिट्सबर्गच्या शेजारचे ॲलेघेनी हे शहर, तेथील बहुसंख्य मतदारांचा विरोध असताना, पिट्सबर्गला जोडण्यात आले. आणि संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेत यावर काही इलाज नाही, असे वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले. इलाज असलाच तर तो ज्या त्या संस्थानच्या स्वतःच्या घटनेत शोधावयाचा.

ओहायोच्या घटनेत असा एक इलाज होता. १८५१ च्या त्या घटनेने एखाद्याच शहराला उद्देशून त्याच्या नागरी अधिकारांविषयी खास कायदा करण्यास मनाई केली होती. कायदेमंडळाने त्यावर मोठी गमतीची युक्ती काढली. शहरांचे वर्ग पाडावयाचे, वर्गांच्या श्रेणी करावयाच्या, आणि कायद्यात शहराचे नाव न घेता श्रेणीचे घ्यावयाचे. सिनसिनाटी पहिल्या वर्गाच्या पहिल्या श्रेणीत, क्लीव्हलंड दुसऱ्या, टोलेडो तिसऱ्या. आणि प्रत्येक श्रेणीत शहर एकच! नोकरीचा उमेदवार आधी ठरवून मग जाहिरातीत त्याच्याच अंगची लक्षणे पात्रता म्हणून लिहावीत, त्यातलाच हा प्रकार. न्यायालयांनी वर्षानुवर्षे तो चालू दिला होता.

जून १९०२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो यापुढे चालू देण्याचे नाकारले. टोलेडोचा पोलीस कायदा रद्द झाला आणि जोन्स जिंकला. पण या निकालाची धार दुहेरी होती. ओहायोतील सर्वच मोठ्या शहरांचा कारभार श्रेणीच्या कायद्यांवर उभा होता. क्लीव्हलंडचा तर त्याच दिवशी कोसळला. कायदेमंडळाला घाईने खास अधिवेशन भरवावे लागले, आणि त्याने लहानमोठ्या सर्व शहरांना एकच नमुना ठरवून दिला. सिनसिनाटीचा अंगरखा खेड्यातून नुकत्याच शहर झालेल्या वस्तीच्याही अंगावर चढला. घटनेचे समाधान झाले. स्वराज्य मात्र कोणालाच मिळाले नाही. शहरांत पक्षपात न करणे वेगळे आणि शहराला त्याचा कारभार त्याच्या मनाप्रमाणे करू देणे वेगळे, हा भेद ओहायोला असा अनुभवाने कळला.

जोन्स १९०४ साली, अधिकारावर असतानाच, वारला. त्याच्यामागून नगराध्यक्ष झालेला ब्रँड व्हिटलॉक आणि क्लीव्हलंडचा न्यूटन बेकर यांनी पुढे स्वयंशासनाची चळवळ चालविली. सप्टेंबर १९१२ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिच्या योगे प्रत्येक शहराला पंधरा जणांचे मंडळ निवडून आपली सनद आपणच लिहिता आली, व स्थानिक कारभाराचे सर्व अधिकार मिळाले. १९१३ च्या महापुरातून सावरणाऱ्या डेटनने लगेच पगारी व्यवस्थापकाच्या हाती कारभार देण्याची पद्धत स्वीकारली, ती याच बळावर.

मात्र दुरुस्तीत एक खुंटी होती. पोलीस, आरोग्य वगैरे विषयांवरील शहराचे नियम संस्थानच्या 'सर्वसाधारण' कायद्यांशी विसंगत असू नयेत. आता सर्वसाधारण म्हणजे काय ? हा वाद अद्याप मिटलेला नाही. २००२ साली कँटन शहराच्या खटल्यात न्यायालयाने कसोटी घालून दिली : कायदा संस्थानभरच्या व्यापक योजनेचा भाग असावा, सर्वत्र सारखा लागू व्हावा, नुसते शहराचे हात बांधणारा नसून खरोखर पोलीस-आरोग्यादी नियम सांगणारा असावा, आणि तो सर्व नागरिकांच्या वर्तनाविषयी असावा. याच कसोटीवर २०१७ मध्ये डेटन शहर जिंकले. रस्त्यावरील कॅमेऱ्याने वाहनचालकाचा गुन्हा टिपला तरी तेथे पोलीस शिपाई हजर हवाच, अशी संस्थानने घातलेली अट रद्द झाली.

शहरे नेहमीच जिंकतात असे नव्हे. नोकरांनी शहरातच राहावे असा अनेक नगरपालिकांचा नियम होता. २००६ च्या कायद्याने तो मोडीत काढला, आणि २००९ साली लिमा शहराने त्याविरुद्ध केलेली तक्रार न्यायालयाने फेटाळली. कामगारांच्या कल्याणाचे कायदे करण्याच्या अधिकाराला घटनेतील दुसरे कोणतेही कलम आड येणार नाही, असे जे कलम त्यासाठी पुढे करण्यात आले, तेही १९१२ सालच्याच मतदानात, शहरांच्या स्वराज्याच्या कलमाबरोबरच मंजूर झालेले होते.