अंतराळातील डेटा सेंटर आणि कक्षेचे भाडे

डेटा सेंटर अंतराळात उभारण्याची भाषा आता निव्वळ कल्पनाविलास राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने तशी योजना जाहीर केली. वर सूर्यप्रकाश जवळजवळ अखंड मिळतो, हे खरेच. पण 'तिथे थंडीच थंडी' हा समज फसवा आहे. निर्वात पोकळीत ना वारा, ना पाणी. उष्णता केवळ उत्सर्जनानेच बाहेर पडते. २७ अंश सेल्सिअस तापमानाचा एक चौरस मीटर पत्रा एका बाजूने फार तर ४६० वॉट उष्णता टाकतो. म्हणजे एका मेगावॉटसाठी, दोन्ही बाजू धरूनही, सुमारे अकराशे चौरस मीटर पत्रा वर न्यावा लागणार! वाहतुकीचा खर्च किलोमागे २०० डॉलरपर्यंत उतरला तर हे परवडू लागेल, असे गूगलचेच गणित आहे.

समजा, उतरला. जमिनीवरील केंद्राला गावाची जमीन, पाणी, वीज लागते. म्हणून गाव त्याला अडवू शकते. कक्षेत अडवणारा कोण? १९६७ च्या अंतराळ कराराने तेथील वापर सर्व राष्ट्रांच्या हितासाठी असावा असे म्हटले आहे आणि खासगी कंपन्यांच्या उद्योगांची जबाबदारी त्यांच्या राष्ट्रांवर टाकली आहे. याच तरतुदींच्या आधारे कक्षेच्या भाड्याची मागणी भारताने संयुक्त राष्ट्रांत आताच मांडली पाहिजे. पत्रे वर गेल्यावर नव्हे.