तुफान सेनेपासून साखर कारखान्यापर्यंत
(ट्रॉम्बे येथील कार्यकर्त्यांपुढील व्याख्यान)

ज्यांचे गाव सातारा-सांगलीकडे आहे त्यांना जी. डी. बापू लाड हे नाव सांगावे लागणार नाही. कुंडलचा हा तरुण 1943 साली प्रतिसरकारच्या तुफान सेनेचा फील्ड मार्शल झाला. पगारी सैनिक तीत नव्हते; सारे स्वयंसेवक. हुद्दा जरा भारदस्त खरा, परंतु 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून तो कमावलेला होता. पुढच्याच वर्षी धुळ्याच्या सरकारी खजिन्यातील सुमारे साडेपाच लाख रुपये लढ्यासाठी हस्तगत करण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर बापू शेतकरी कामगार पक्षात राहिले, विधिमंडळात गेले आणि उतारवयात त्यांनी कुंडलला सहकारी साखर कारखाना उभा केला. ‘क्रांतिकारक अखेर कारखानदार झाला’ हा टोमणा सोपा आहे, तितकाच उथळही. खाजगी मालकाच्या दारात शेतकरी उसाचा केवळ विक्रेता असतो. सहकारात तो भागधारक असतो आणि शेअर कितीही असोत, मत एकच. भांडवल कोणाच्या हाती, हा जुनाच लढा बापू नव्या आघाडीवर लढत होते.

मात्र बीडकडून मुकादमाची उचल घेऊन येणारा ऊसतोड मजूर या मालकीत कोठे बसतो? ऊस त्याचा नाही, म्हणून भाग नाही. भाग नाही, म्हणून मत नाही. बापू 2011 साली गेले. त्या मजुराला सभासद करून घेण्याचा विषय मात्र महाराष्ट्रातील सहकाराने अद्याप गांभीर्याने हाती घेतलेला नाही.