ज्याचे जळते त्याला कळते



गेटसभेत बोलणाऱ्या माणसाने मनाच्या आजारावर काय बोलावे, असे आपणांस वाटले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही अर्ध्यावरच सुटली. परंतु कामगारांत वावरताना आम्ही एक गोष्ट शिकलो. ज्याच्या पोटाचा प्रश्न, त्याला बाहेर ठेवून केलेला करार टिकत नाही. हाच नियम मनोरुग्णालयाला लावून पाहू या.

अमेरिकेतील ज्युडी चेंबरलिन यांचे उदाहरण घ्या. पोटातले मूल गेल्यावर त्यांचे मन खचले. १९६६ साली त्यांना इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. बाहेर आल्यावर बाई गप्प बसल्या नाहीत. १९७१ साली अशाच अनुभवातून गेलेल्या माणसांच्या संघटनेत त्या सामील झाल्या. पुढे कॅनडातील व्हँकूव्हर येथे, रुग्णांनीच चालविलेल्या घरात त्यांना आधार मिळाला. १९७८ साली त्यांनी ‘ऑन अवर ओन’ हे पुस्तक लिहिले आणि २०१० साली मृत्यू येईपर्यंत एकच मागणी लावून धरली : आमच्याविषयीचे निर्णय आम्हांला वगळून नकोत. ही मागणी कोणत्या कामगाराला परकी वाटेल?

आपल्याकडे काय घडले? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली. साखळदंडांनी जखडलेले रुग्ण पळणार कसे? २८ माणसे गेली. ती माणसे ओरडली नसतील काय? पण वेड्याची ओरड ऐकायची नाही, अशी आपली जुनी सवय!

२०१७ साली संसदेने मानसिक आरोग्यसेवा कायदा केला; २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. शरीराच्या रुग्णाला मिळणारी समान वागणूक मनाच्या रुग्णालाही मिळावी, असे तो सांगतो. रुग्णाकडून सक्तीने काम करून घेऊ नये, आणि त्याने काम केले तर योग्य मोबदला द्यावा, हेही त्यात आहे. राज्याच्या प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्यांच्या किंवा होऊन गेलेल्यांच्या प्रतिनिधींना जागा आहेत.

कोणी विचारील, भान हरपलेल्याचे मत कसे घ्यावे? त्याचीही सोय आहे. आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे माणूस बरा असतानाच लिहून ठेवू शकतो.

परंतु खुर्ची मिळाली म्हणजे आवाज मिळाला, असे नव्हे. कामगारांचा प्रतिनिधी समितीवर बसवून नुसता चहा पाजून परत पाठविल्याचे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. एका कारखान्यात आमचा एक सोबती बरा होऊन परतला. डॉक्टरांचा दाखला हातात होता, तरी व्यवस्थापन त्याला यंत्राजवळ उभे करीना, आणि त्याच्या बाजूला डबा खायला कोणी बसेना. दाखल्यावरून संघटना व्यवस्थापनाशी भांडली आणि त्याला काम मिळाले. डब्यासाठी मात्र कोणता कायदा दाखवायचा?

ते काम आपले आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांतून माणसे बरी होऊन येतात, ती आपल्याच गल्लीत. त्यांना दया नको; बरोबरीची जागा हवी. उपचार कसे असावेत, हे ज्याने ते सोसले त्याला आधी विचारा, आणि तो सांगेल ते मनावर घ्या.